दुसरी लाइन परवडत नाही, मग धंदा कसा चालवायचा?



"सर, एकाच सप्लायरवर राहू नका, एकाच गिऱ्हाइकावर राहू नका, हे सगळं पटतं. पण दुसरा आणायला पैसा कुठाय?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये येतो. आणि प्रश्न बरोबर आहे. 'दोन ठेवा' हा सल्ला ज्याच्याकडे दोन ठेवण्याइतकं भांडवल आहे त्यालाच कामाचा. बाकीच्यांनी काय करायचं? याचं उत्तर मला गोव्याच्या घाटात दिसतं.

९ ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. कुळे ते कॅसलरॉक हा सह्याद्रीतला रेल्वेघाट. तिथे सोनावली आणि दूधसागर या स्टेशनांच्या मध्ये कोळशाच्या मालगाडीचे १७ डबे रुळावरून घसरले. जीवितहानी झाली नाही. पण घाटात लाइन एकच. ती अडकली आणि गोव्यातून कर्नाटकात जाणाऱ्या प्रवासी गाड्या काही रद्द झाल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. घसरला कोळसा, अडकले प्रवासी! हे नीट बघा. तुमची एकुलती लाइन बंद पडते तेव्हा नुकसान फक्त तुमचं होत नाही. तुमच्या मालाच्या भरवशावर ज्याने पुढची ऑर्डर घेतलीय, तोही स्टेशनवर बसून राहतो.

हा मार्ग १८८८ पासून चालू आहे. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि याच घाटाने वर चढून बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रेल्वेसाठी हा फार खडा चढ. आपल्या कसारा-इगतपुरी घाटाचा चढही एवढाच आहे.

मग दुसरी लाइन का नाही टाकत? प्रयत्न झाला. पण हा मार्ग मोलेच्या अभयारण्यातून जातो. गोव्यात लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. मला विचाराल तर योग्यच केलं. तो वाद आज नको. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की रेल्वेसारख्या अवाढव्य संस्थेलाही कधीकधी दुसरी लाइन मिळत नाही. तरी गाड्या चालवाव्याच लागतात.

कशा चालवतात? एक तर हळू. सपाटीवरचा वेग घाटात चालतच नाही, आणि उशीर झाला म्हणून कुणी भरून काढायला जात नाही. दुसरं, बँकर. कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात ती तुम्ही पाहिली असतील. ती फक्त घाटापुरती ढकलतात, वर पोचल्यावर सुटतात. दिवाळीच्या तीन आठवड्यांसाठी कायमचा कामगार ठेवू नका, बँकर ठेवा. बँकेची ओव्हरड्राफ्ट मर्यादाही तशीच, चढ लागायच्या आधी मंजूर करून ठेवायची. अर्ध्या चढावर गाडी थांबल्यावर बँकेत गेलात तर मॅनेजर आधी तुमचा चेहरा बघतो, कागद नंतर.

पण मला सगळ्यात आवडते ती कॅच सायडिंग. घाट उतरताना मेन लाइनला एक फाटा असतो. तो फाटा वर चढत जातो आणि पुढे संपतो. ब्रेक फेल झालेली गाडी त्यात शिरली की चढामुळे थांबते. यातली खरी गंमत पुढे आहे. सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी आधी पूर्ण थांबते, आपला ब्रेक लागतो हे दाखवते, मगच सांधा मेन लाइनकडे फिरतो. चांगल्या ड्रायव्हरलाही थांबावं लागतं. त्याचा अपमान वगैरे काही नाही, नियमच तसा.

आता आपली उधारी बघा. समजा तुमचा मसाल्याचा धंदा आहे आणि निम्म्याहून जास्त माल एकाच डिस्ट्रिब्युटरकडे जातो. त्याचं पेमेंट लांबत जातं, तरी माल जात राहतो, कारण आपला सांधा कायम 'पाठवा' कडेच लावलेला असतो. थांबवायला धीर लागतो आणि संबंध बिघडतील ही भीती असते. तो सांधा उलटा लावा. उधारी ठरलेल्या आकड्यावर गेली की डिस्पॅच आपोआप बंद. तो पुन्हा चालू करायला मालकाची सही लागेल, आणि सही जुनं पेमेंट खात्यात आल्यावरच होईल. हे समोरच्याला पहिल्याच ऑर्डरच्या वेळी सांगायचं, हसतमुखाने, लेखी. भांडण झाल्यावर सांगितलेला नियम धमकी वाटतो.

याने डबे घसरायचे थांबतील असं मी म्हणत नाही. एवढी काळजी घेऊनही घाटात गाड्या घसरतात, ऑगस्टमध्ये घसरलीच. म्हणून तर रेल्वे ठरावीक ठिकाणी ॲक्सिडेंट रिलीफ ट्रेन कायम तयार उभी ठेवते. अपघात नसेल तेव्हा ती पडीक दिसते. तुमच्या गिरणीची एक जादा मोटर, पट्टा, आणि रात्री फोन उचलणारा मेकॅनिक हीच तुमची रिलीफ ट्रेन. 'माल पडून आहे, पैसे अडकलेत' म्हणून ती मोटर विकू नका हो.

या रविवारी वही घ्या. आपली लाइन उद्या सकाळी बंद पडली तर कुणाकुणाची गाडी अडकेल, ती नावं लिहा. तिथून सुरुवात करू. उधारीचा आकडा कसा ठरवायचा ते पुढच्या व्हिडिओत हिशोब मांडून बघू.