मालीशविद्या आणि नकाराचा अधिकार

१९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाल्यापासून हैदराबादच्या पश्चिमेला माधापूर, कोंडापूर आणि गच्चीबावली या पट्ट्यात जे नवे शहर वाढले, त्याने संगणकापुढे बसून आखडलेल्या माना आणि दुखऱ्या कमरा यांचा एक मोठा बाजार उभा केला. त्या बाजाराची गरज भागवण्यासाठी स्पा निघाले, केरळी पद्धतीची पंचकर्म केंद्रे निघाली, आणि भ्रमणध्वनीवर मागणी नोंदवली की तासाभरात घडीचे टेबल घेऊन दारात उभी राहणारी सेवाही आली. असे असले तरी अनोळखी माणसाच्या उघड्या अंगावर हात ठेवणाऱ्या या व्यक्तीने कोठे, किती काळ आणि काय शिकावे, हे ठरवणारी स्वतंत्र परिषद वा परवाना आपल्याकडे नाही. ही उणीव कोणाला फारशी बोचत नाही, आणि ती का बोचत नाही याची कारणे विचारली असता जी उत्तरे मिळतात ती सर्वस्वी खोटी नसली तरी अपुरी आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, मालिशीच्या शिक्षणाचा गाभा हात कसा चालवावा यापेक्षा तो कधी आवरावा हे जाणण्यात आहे, आणि हे जाणणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळवून देणे हाच परवान्याचा खरा हेतू असायला हवा.

पहिला पूर्वपक्ष हातगुणाचा. मालीश ही उपजत देणगी असते, ती आईकडून मुलीकडे आणि वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जाते, वर्गात बसून ती येत नाही, असे हा पक्ष मानतो. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊमाखू घालणारी बाई, तालमीत पठ्ठ्यांचे अंग रगडणारा वस्ताद आणि केस कापून झाल्यावर डोक्याची चंपी करणारा कारागीर ही त्याची आवडती उदाहरणे. या माणसांचे कसब वादातीत आहे. वाद आहे तो त्या कसबाला ‘देणगी’ ठरवण्याविषयी, कारण ज्याला देणगी म्हटले जाते त्याचा मोबदला ठरवावा लागत नाही, आणि ज्यांच्याकडे ती असल्याचे सांगितले जाते त्यांची जात बहुधा आधीच ठरलेली असते. तेलंगणातील नायी ब्राह्मण समाजातील पुरुषांकडे केशकर्तनाबरोबर अंग चोळण्याचे काम आले आणि त्याच समाजातील स्त्रियांकडे ‘मंत्रसानी’चे, म्हणजे सुईणीचे, काम आले, ही विभागणी काही कोणाची बोटे तपासून झालेली नव्हती. महाराष्ट्रातील बलुतेदारीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेलंगण सरकारने २०२१ साली या समाजाच्या केशकर्तनालयांना दरमहा २५० युनिटपर्यंत वीज मोफत दिली. मदत स्वागतार्ह होती, पण दुकानातील दिव्याची काळजी वाहणाऱ्या शासनाला त्या दिव्याखाली चालणाऱ्या हातांच्या शिक्षणाची आणि दर्जाची काळजी अद्याप सुचलेली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

हातगुणाच्या पक्षाची आणखी एक अडचण अशी की, ज्या परंपरेचा तो हवाला देतो त्या परंपरेलाच तो मान्य नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या दिनचर्येवरील अध्यायात, अभ्यंगाची (अंगाला तेल लावून चोळण्याची) शिफारस केली आहे, पण तेथेच तो कोणाला वर्ज्य हेही सांगितले आहे : ज्याचा कफ वाढलेला आहे त्याला, ज्याचे वमन-विरेचनादी शोधन नुकतेच झाले आहे त्याला आणि ज्याला अजीर्ण आहे त्याला. चारमिनारजवळच्या शासकीय निजामिया तिब्बी महाविद्यालयात ज्या युनानी वैद्यकाचे शिक्षण दिले जाते, त्यात मालिशीला ‘दल्क’ म्हणतात आणि दाबाच्या व कालावधीच्या आधारे तिचे प्रकार पाडतात. जोराची दल्क म्हणजे ‘सुल्ब’, तिने अंग घट्ट होते. मृदू ती ‘लय्यिन’, तिने ते सैलावते. फार वेळ चाललेली ती ‘कसीर’, तिने शरीर कृश होते. आणि मध्यम ती ‘मोतदिल’, तिने ते पुष्ट होते, असे इब्न सीनाच्या परंपरेतील हकीम मानतात. या मतांपैकी आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीवर किती टिकतील हा प्रश्न निराळा. परंतु प्रकार, प्रमाण आणि निषेध यांची अशी मांडणी करणारी परंपरा मालिशीला विद्या मानत होती, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

निषेध न शिकवल्याचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी ग्रंथांकडे जाण्याचीही गरज नाही. पाय प्लॅस्टरमध्ये राहिला, शस्त्रक्रियेनंतर माणूस अंथरुणाला खिळला किंवा दीर्घ प्रवासात तासन्तास बसून राहिला, तर पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. अशा वेळी एकच पाय सुजतो, गरम लागतो, पोटरी दुखते, आणि नेमके हेच दुखणे चोळून बरे होईल असे घरच्यांना वाटते. चोळल्यामुळे गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली तर मृत्यू ओढवतो. घोट्याच्या दुखापतीनंतर पाय सुजलेल्या एका तरुणाचा आईने पायाला तेल चोळल्यानंतर असा मृत्यू झाल्याचे प्रकरण दिल्लीच्या एम्समधील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी नोंदवलेले आहे. त्या हातांत माया कमी होती असे कोणी म्हणणार नाही. मानेचेही तसेच आहे. मणक्यांच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या मान एकदम मागे झुकवल्याने वा पिळल्याने दबतात किंवा आतून फाटतात. २०२२ साली हैदराबादच्या एका मेंदूविकारतज्ज्ञाने, केस धुताना मान बेसिनवर मागे टाकल्यामुळे पन्नाशीच्या एका महिलेला झालेल्या पक्षाघाताची माहिती जाहीर केली, तेव्हा ब्यूटी पार्लरमध्ये जाणाऱ्यांत काही दिवस खळबळ उडाली. ते मालिशीचे उदाहरण नव्हे, हे खरे. पण चंपी संपताच कडकन् मान मोडून देण्याची जी रीत गल्लोगल्ली चालते, ती त्याच रोहिण्यांवर बेतते.

दुसरा पूर्वपक्ष नीतीचा आणि पोलिसांचा आहे. या पक्षाच्या लेखी मसाज पार्लर हा शब्दच संशयास्पद आहे, आणि त्यामुळे या व्यवसायाला शिक्षणाची नव्हे, धाडींची गरज आहे. मालिशीच्या नावाखाली काही ठिकाणी देहव्यापार चालतो आणि त्यात बायकांचे शोषण होते, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हा प्रश्न हैदराबादेत वा भारतात प्रथमच उद्भवलेला नाही. १८९४ साली लंडनमध्ये नेमका हाच गदारोळ उठला होता. वैद्यकीय नियतकालिकांनी अनैतिक मालीशगृहांविषयी रकाने भरले होते आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या परिचारिकांना तोंड दाखवणे कठीण झाले होते. त्यांच्यापैकी चौघींनी त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ ही प्रशिक्षित मालीशकर्मींची संस्था स्थापन केली, परीक्षा सुरू केली, आणि डॉक्टरांच्या सूचनेखेरीज मालीश न करण्याचा, सर्वसाधारण प्रकाशनांत जाहिरात न देण्याचा नियम स्वतःवर घालून घेतला. आज ब्रिटनमध्ये भौतिकोपचारतज्ज्ञांची जी सनदी संस्था आहे, ती याच संस्थेतून वाढली. बदनामीला त्या चौघींनी दिलेले उत्तर परीक्षेचे होते, आणि ते टिकले.

आपल्याकडे मात्र २०२१ साली दिल्ली सरकारने स्पांसाठी जी नियमावली काढली, तीत थेरपिस्टच्या पात्रतेची अट होती खरी, पण सारा धुरळा उठला तो स्त्रीने पुरुषाची वा पुरुषाने स्त्रीची मालीश करू नये आणि खोलीला आतून कडी असू नये, या कलमांभोवती. पुढे उच्च न्यायालयाने भिन्नलिंगी मालिशीवरील बंदीला त्याच वर्षी स्थगिती दिली. दाराच्या कडीवर एवढी चर्चा झाली, आणि आत जाणाऱ्याला शरीर समजते की नाही, हा मुद्दा फायलीतच राहिला.

तिसरे मत वैद्यकवर्तुळात ऐकू येते. मालीश हा भौतिकोपचाराचा वा पंचकर्माचा एक भाग आहे, त्याचे शिक्षण त्या त्या अभ्यासक्रमांत मिळतेच, मग निराळा व्यवसाय हवा कशाला, असे ते विचारते. हा आक्षेप वरकरणी सर्वांत भक्कम आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली भौतिकोपचार शाळा सुरू झाली आणि तिने घडवलेल्या परंपरेबद्दल आदरच बाळगला पाहिजे. पण आज पदवीधर भौतिकोपचारतज्ज्ञाचा भर व्यायामावर आणि पुनर्वसनावर असतो, आणि तो तसाच असायला हवा; तासभर अंग चोळून देणे हे त्याचे काम नाही. साडेपाच वर्षे शिकलेला आयुर्वेदाचा पदवीधर अभ्यंग लिहून देतो, स्वतः करत नाही. एर्रगड्ड्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाला बुर्गुल रामकृष्ण राव यांचे नाव आहे, म्हणजे मराठवाडा ज्या राज्यात होता त्या हैदराबाद राज्याच्या मुख्यमंत्र्यांचे. तेथील वा अन्य कोणत्याही पंचकर्म विभागात द्रोणीच्या, म्हणजे कडा असलेल्या लांब लाकडी टेबलाच्या, दोन्ही बाजूंना उभे राहून एका लयीत हात चालवणारे लोक वैद्य नसतात, परिचर असतात. प्रत्यक्ष हात ज्याचा, त्याचे शिक्षण कोणाच्याच अभ्यासक्रमात मध्यभागी नाही. याला सन्माननीय अपवाद आहे. महात्मा गांधी ज्या दिनशा मेहतांच्या उपचारगृहात राहत असत, त्या पुण्याच्या वास्तूत राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था चालते, आणि ती उपचार-सहायकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवते. हैदराबादेतही बेगमपेठ भागात गांधींच्याच नावाचे निसर्गोपचार वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ते पदवी देणारे आहे.

उरले बाजाराचे मत. चार दिवसांत ‘स्वीडिश’, दोन दिवसांत ‘थाई’ आणि शेवटी चकचकीत प्रमाणपत्र, एवढे पुरे असे ते म्हणते, आणि त्याच्याशी फार वेळ वाद घालण्याचे कारण नाही. न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी १००० तासांचे आणि टेक्सासमध्ये ५०० तासांचे शिक्षण लागते. जपानमध्ये १९४७च्या कायद्याने हा व्यवसाय परीक्षेच्या आणि परवान्याच्या कक्षेत आणला. आपल्याकडे कौशल्य विकासाच्या चौकटीत ‘स्पा थेरपिस्ट’चे अभ्यासक्रम आहेत आणि ते बाजारू वर्गांपेक्षा कितीतरी बरे आहेत, पण ते सौंदर्य आणि आरोग्यानंद या क्षेत्राच्या परिषदेखाली, नखे रंगवण्याच्या आणि मेकअपच्या शेजारी, बसवलेले आहेत. शेजार बदलला की शिकवण्याचा भरही बदलतो : ग्राहकाचे स्वागत कसे करावे हे तेथे नीट शिकवले जाते, त्याला परत कसे पाठवावे हे तितके नीट शिकवले जात नाही.

परत पाठवणे हीच येथे कसोटी आहे. शिकलेला थेरपिस्ट तेलाला हात लावण्यापूर्वी विचारतो : अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, ताप आहे का, गर्भ किती महिन्यांचा आहे. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून तो पाहतो आणि हाताच्या पाठीने त्यांची उष्णता ताडतो. एक पोटरी दुसरीपेक्षा जाड आणि गरम लागली तर तो टेबलावरची चादर पुन्हा वर ओढतो आणि रुग्णालयाचा रस्ता सांगतो. त्याने काय बोलू नये हेही शिक्षणात येते. ‘मालिशीने शरीरातील विषे बाहेर पडतात’ हे वाक्य शहरातील असंख्य फलकांवर झळकते, वास्तविक ते काम यकृत आणि मूत्रपिंडे न चोळताच करत असतात. कंबरदुखीबाबत ब्रिटनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना मालिशीला स्थान देतात, पण केवळ व्यायामासह, एकट्या मालिशीला नव्हे. एवढाच माफक दावा करणारा थेरपिस्ट सरकलेली चकती जागेवर बसवून देण्याची हमी देणाऱ्यापेक्षा कमी कमावील, आणि म्हणूनच त्याला नियमाचे पाठबळ हवे.

करणाऱ्याच्या शरीराचाही येथे विचार व्हायला हवा. ज्याला उभे राहणे शिकवलेले नसते तो अंगठ्याने रेटतो, आणि काही वर्षांत त्याच्या अंगठ्याचा मुळाशी असलेला सांधा झिजतो. शिकलेला माणूस टेबलाची उंची स्वतःच्या खाली सोडलेल्या मुठीशी जुळवून घेतो, एक पाय पुढे टाकतो आणि मनगट सरळ ठेवून कोपरापर्यंतच्या हाताने शरीराचा भार सोडतो. जोर खांद्यातून येत नाही, कमरेखालून येतो. याखेरीज आणखी एक नकार असतो. माधापूरच्या एखाद्या स्पामध्ये काम करणारी मिझोराम वा मणिपूरची मुलगी, किंवा ग्राहकाच्या घरी टेबल मांडणारी तरुणी, गैरवर्तन करणाऱ्या ग्राहकासमोर मालीश थांबवू शकते का? पगार जिथे ग्राहकांच्या संख्येवर आणि त्यांनी दिलेल्या ताऱ्यांवर अवलंबून आहे, तिथे ती बहुधा थांबवू शकत नाही. नोंदणीकृत व्यावसायिक म्हणून तिच्यावर नकाराचे बंधन असेल, तर मालकाला तिला ‘जमवून घे’ असे सांगणे अवघड होईल. गुठळी असलेल्या पायाला नकार आणि वाह्यात हाताला नकार, या दोहोंना एकाच अधिकाराचा आधार लागतो.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो की, परवाना आला की शाळा न पाहिलेली मालीशवाली आणि गल्लीतला चंपीवाला यांच्या पोटावर पाय येईल. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर योजनेतच द्यावे लागेल. पूर्वज्ञान मान्यतेची, म्हणजे अनुभवातून आलेले कसब तपासून प्रमाणित करण्याची, तरतूद कौशल्य विकासाच्या योजनांत आधीच आहे. ती येथे तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेने लागू करता येईल, आणि परीक्षा तेलुगू, उर्दू, हिंदी व मराठीत व्हायला हवी, कारण काचीगुड्याच्या मराठी घरांतही बाळंतिणीला तेल लावले जातेच. तेलंगणाने २०२४ साली कायदा करून ‘यंग इंडिया कौशल्य विद्यापीठ’ स्थापले आहे, आणि शहरात तिब्बी, आयुर्वेद व निसर्गोपचार ही तीनही महाविद्यालये आहेत. त्यांच्या मदतीने नेमलेल्या परीक्षामंडळात एक हकीम, एक वैद्य, एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि तीस वर्षे बाळंतिणींचे अंग चोळलेली एक बाई बसवणे अवघड नाही. मंडळाने परीक्षार्थीसमोर तीन माणसे आणावीत आणि त्यांपैकी एकाला हात लावायचा नाही हे आधी सांगू नये. त्या एकाला ओळखून जो बाजूला ठेवील, त्याच्या हाताची लय थोडी कच्ची असली तरी ती पुढे सरावाने सुधारता येईल. तिघांवरही जो तेल ओतील, त्याला पुढच्या सत्रात पुन्हा बसवावे.