वजाबाकीतली माणसं

1915 पासून इथं झिंडेलफिंगेनला कारखाना, पुढे तो मोटारींचा झाला. त्याच्यामागून माणसं आली, त्यात आम्हीही. गाव फुगतं ते असं! उलटा प्रकार आमच्या रत्नागिरीत. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्र 16 टक्क्यांनी वाढला, ठाणे जिल्हा (तेव्हा पालघरसकट) तर 36 टक्क्यांनी. रत्नागिरी मात्र 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गाचंही तेच. नोकऱ्या मुंबई-ठाणे-पुण्याकडे, वाडीत कुलपं. त्या 82 हजारांच्या वजाबाकीत आम्ही दोघं आहोत. 2011 ला गुरुजी मोजणीला आले, तेव्हा आईनं आमचीही नावं सांगितली. "इथं राहत नाहीत ना, मग नाही लिहिता येत," ते म्हणाले. आईचा राग अजून गेलेला नाही.