जनावर ठणठणीत, तरीही धोका

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस, कोविड ऐन भरात असताना, पालघरच्या पशुसंवर्धन विभागाने क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. गुजरातच्या काही जिल्ह्यांत हा ताप आढळला होता आणि डहाणू-तलासरीला गुजरातची हद्द लागूनच आहे. वाणगाव ते अच्छाड या पट्ट्यात काम करणाऱ्या पशुवैद्यकांनी आणि पशुधन पर्यवेक्षकांनी तो इशारा आजही विसरू नये.

आपली नजर आजारी जनावर शोधायला तयार झालेली असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू कळला तो कोंबड्या मेल्या म्हणून. या तापात मात्र गाय, म्हैस, शेळी ठणठणीत दिसते, चारा खाते, दूध देते. विषाणू आठवडाभर तिच्या रक्तात असतो आणि आपल्याला काहीच दिसत नाही. तो माणसात येतो हायलोमा गोचीड चावल्याने, ती हाताने चिरडल्याने, किंवा कापताना-सोलताना रक्त अंगाला लागल्याने. म्हणजे आधी गुराखी, खाटीक आणि आपण.

जानेवारी २०११ मध्ये साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची एक स्त्री या तापाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही वाचले नाहीत. निदान केले पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. भारतातला हा पहिला नोंदलेला उद्रेक. मृत्यूचे प्रमाण शंभरात १० ते ४०, आणि जनावरांसाठी लस नाही. सुरुवातीला नुसता ताप आणि अंगदुखी. कोविडच्या काळात अशा रुग्णाला ‘गुरांत काम करता का?’ असे कोण विचारणार होते?

२०२० मध्येच डेन्मार्कमध्ये कोरोना माणसाकडून मिंक या प्राण्याला आणि मिंककडून परत माणसाला गेला. तिथे दोन्हीकडचे नमुने एकत्र ताडून पाहिल्यामुळे ते कळले. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र एकाच गावात असूनही एकमेकांना फोन करत नाहीत, हे मला खरोखर गंभीर वाटते.

तेव्हा एवढे कराच. गोचिडी काढताना, वार काढताना, शवविच्छेदन करताना हातमोजे घाला. गोठ्यात गोचिडींचे औषध वेळेवर मारून घ्या. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून ओढायला पाड्यापाड्यावर शिकवा. आणि स्वतःला ताप आला, तर आपण कोणत्या गोठ्यांत हात घातला ते डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगा.