आमच्या गोष्टीत आमचं घर कुठंय?

फेब्रुवारी २००६. मी दहावीत होतो, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. १८ तारखेला टीव्हीवर आमच्या नवापूरचं नाव झळकलं. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची पहिली नोंद आमच्या तालुक्यात झाली होती. ज्या गावाची ओळख ‘अर्धं रेल्वे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत’ एवढीच होती, तिथं देशोदेशीचे पत्रकार येऊन उभे राहिले. पांढरे पोशाख आणि चष्मे घातलेली माणसं शेडमध्ये शिरली आणि काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पोल्ट्री हा नवापूरचा मोठा धंदा आणि त्यात मुस्लिम कुटुंबं बरीच. माझ्या चाचांचं शेड त्यातलंच एक.

पुढं मी इंजिनिअर झालो, पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. नवापूरवर काहीतरी लिहावं, असं फार वर्षं मनात होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथं पुन्हा बर्ड फ्लू आला, तेव्हा एका रात्रीत लेख लिहून काढला. त्यात होतं: ‘लाखो पक्षी नष्ट झाले. अनेक कुटुंबं उद्ध्वस्त झाली. आधीच मागासलेल्या समाजाचं कंबरडं मोडलं.’ मला तो चांगला वाटला. मी तो चाचांच्या मुलीला पाठवला. २००६ मध्ये ती नऊ वर्षांची होती. तिचा उलट मेसेज आला, “भाईजान, छान लिहिलंय. पण यात आमचं घर कुठंय?”

मग तिनं फोन केला आणि तासभर बोलत राहिली. तिनं सांगितलं की शेडमध्ये कोंबड्या होत्या तोवर घरात कधी शांतता नसायची. त्या गेल्यावर पहिल्या रात्री आवाजच नाही, म्हणून कुणाला झोप लागली नाही. परसात तिची स्वतःची एक गावठी कोंबडी होती. ती तिनं टोपलीखाली लपवली होती. पथक दारात आलं तेव्हा चाचींनीच टोपली उचलली आणि कोंबडी त्यांच्या हातात दिली. त्यानंतर दोन दिवस ती आईशी बोलली नाही. आणि महिनाभरानं एका पहाटे चार वाजता चाचा सवयीनं उठले, शेडकडं गेले आणि पाण्याची मोटर सुरू केली. रिकाम्या पिंजऱ्यांवरच्या नळीतून पाणी वाहत राहिलं. चाचींनी तिला चहा घेऊन पाठवलं. चाचांनी कप घेतला आणि विचारलं, “आज वार कोणता?”

माझ्या लेखात ‘उद्ध्वस्त’ हा शब्द तीन वेळा आला होता. ही मोटर एकदाही आली नव्हती.

मला वाटतं, हा माझ्या एकट्याचा दोष नाही. आपण तरुण मुस्लिम मराठीत लिहायला बसतो तेव्हा बहुतेक वेळा निवेदन लिहितो. समोर कुणी अधिकारी बसलाय आणि त्याला आपली परिस्थिती पटवून द्यायचीय, अशी आपली भाषा होते. त्याला कारणही आहे. नवापूरच्या त्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, सच्चर समितीचा अहवाल आला. आमच्या पिढीनं त्यातले आकडे पाठ केले, वादविवाद स्पर्धांत म्हटले. ते आकडे गरजेचे होते आणि आजही आहेत; धोरण आकड्यांवरच बनतं. पण आकडा वाचून कुणाच्या घशात आवंढा येत नाही.

याचा प्रयोगही झालेला आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. भूकबळींसाठी मदत मागताना काहींना फक्त आकडेवारी दिली, काहींना आफ्रिकेतल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल सांगितलं. मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी जवळपास दुप्पट पैसे दिले. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडे दोन्ही दिले, तर मदत पुन्हा घसरली. म्हणजे गोष्टीला आकडे जोडले की ती वजनदार होते, हा आपला समज तपासून पाहायला हवा.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. ग्राहक लिहितो, ‘तुमचं ॲप फारच वाईट आहे, खूप त्रास होतो.’ यावर आम्ही काहीच करू शकत नाही. दुसरा लिहितो, ‘रात्री नऊ वाजता पैसे पाठवण्याचं बटण दाबलं, गोल चक्र फिरत राहिलं, पैसे कापले गेले आणि पावती आली नाही.’ ही तक्रार वाचताना मी त्याच्या जागी बसतो, माझंही बोट त्या बटणावर जातं. पहिल्यानं त्याची भावना कळवली. दुसऱ्यानं काय घडलं ते सांगितलं आणि त्याचा वैताग मला आपोआप कळला.

चांगल्या मराठी गोष्टी हेच करत आल्या आहेत. आपल्या खानदेशात, अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातला अंघोळीचा प्रसंग आठवा. ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई धोंड्यावर स्वतःचं लुगडं पसरते. ते पसरलेलं लुगडं कोकणातल्या ब्राह्मण घरातलं आहे, तरी मोहल्ल्यातल्या मुलाला तिथं आपली अम्मी दिसते. प्रसंग जितका एका घराचा, तितका तो सगळ्यांचा होतो. आपण उलट करतो. सगळ्यांना पटावं म्हणून घरातल्या खुणा पुसतो, आणि मग ते घर कुणाचंच राहत नाही.

इथं एक प्रामाणिक आक्षेप येतो. भावनेला हात घालणाऱ्या गोष्टींनीच तर आपलं सर्वात जास्त नुकसान केलंय. २०२० च्या टाळेबंदीत भाजीवाल्यांबद्दल फिरलेले मेसेज आठवा. त्यात गल्ली होती, हातगाडी होती, माणसाच्या अंगावरचे कपडेसुद्धा होते. खोटं असूनही ते डोळ्यांपुढं उभं राहत होतं. मग आपणही तसंच लिहायचं का?

माझं उत्तर असं: त्या मेसेजना आपण तक्त्यांनी उत्तर दिलं, आणि तक्ते कुणी पुढं पाठवले नाहीत. गोष्टीला गोष्टच उत्तर देऊ शकते. फक्त आपल्या गोष्टीतला प्रत्येक तपशील पाहिलेला किंवा विचारून घेतलेला असला पाहिजे. रंग भरण्यासाठी एक अश्रूही स्वतःकडून घालायचा नाही. चाचा त्या पहाटे रडले नव्हते. मी ते लिहिलं असतं तर खोटं झालं असतं, आणि ‘वार कोणता’ हा प्रश्न त्याखाली दबला असता.

दुसरी अट याहून अवघड आहे. फोनच्या शेवटी बहिणीनं आणखी एक गोष्ट सांगितली. कोंबड्या मरायला लागल्यावरही चाचांनी अंड्यांची एक गाडी भरून पाठवली होती. मी विचारलं, “हे लिहू?” ती म्हणाली, “अब्बांना विचार.” मी नवापूरला गेलो. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “लिही. पण आम्हाला ती राणीखेत वाटली होती, हेही लिही.” राणीखेत म्हणजे कोंबड्यांचा जुना, ओळखीचा रोग. तेव्हा अनेक पोल्ट्रीवाले तसंच म्हणत होते.

ती गाडी वगळली असती तर चाचा बिचारे झाले असते. ती आली म्हणून ते माणूस झाले: कर्जाला घाबरलेला, स्वतःची समजूत घालणारा, कुठंतरी चुकलेला. हमीद दलवाईंच्या विचारांशी कुणाचे मतभेद असतील; पण त्यांची १९६५ ची ‘इंधन’ कादंबरी वाचा. कोकणातल्या गावाबद्दल लिहिताना त्यांनी आपल्या माणसांना पांढरा रंग दिलेला नाही. ‘आधीच बदनामी कमी आहे का?’ ही भीती मला समजते. पण निर्दोष माणसाची वाचकाला कीव येते, फार तर आदर वाटतो. आपलेपणा चुकणाऱ्या माणसाबद्दलच वाटतो.

नंदुरबारला या, इथल्या मिरचीच्या पथारींवर जा. लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांबद्दल ‘कष्टकरी महिलांची व्यथा’ असं लिहिणं सोपं आहे. त्याऐवजी तिला विचारा, की घरी गेल्यावर तान्ह्या बाळाला घेण्याआधी ती हातांचं काय करते. ती हसून सांगेल किंवा सांगणार नाही. जे सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा. अहिराणी असेल तर अहिराणीत, मोहल्ल्यातली मिसळलेली उर्दू असेल तर तशीच. छापण्याआधी तिला वाचून दाखवा.

आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी मोटर आहे, जी कुणीतरी सवयीनं सुरू केली होती. आज रात्री जेवताना अम्मीला, अब्बांना, नानीला एवढंच विचारा: त्या दिवशी तुम्ही काय करत होता? ‘कसं वाटलं’ हे विचारू नका. हात काय करत होते, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

माझा जुना लेख मी फेकून दिला. नवा लिहून झालाय, चाचांनी तो दोनदा वाचून घेतलाय. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली: मोटर पहाटे चारला नाही, पावणेचारला सुरू व्हायची.