उन्हाचा घसारा

बँकेच्या ताळेबंदात इमारत व फर्निचर यांवर दरवर्षी घसारा धरला जातो. घरातला घसारा मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. निवृत्तीच्या रकमेतून मी दिवाणखान्यात लाकडी फ्लोअरिंग करून घेतले. चार वर्षांनी गालिचा उचलला, तेव्हा त्याखालचा चौकोन मूळ रंगाचा, आणि भोवतालचे लाकूड फिके! हमीपत्र काढले, उन्हाने होणारा रंगबदल त्यातून स्पष्ट वगळलेला. आयुष्यभर कर्जदारांना बारीक अक्षरे वाचावयास सांगणाऱ्याने स्वतःच ती वाचली नव्हती.

खिडकीची साधी काच अतिनील किरण पूर्णपणे अडवीत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेचा छज्जा उपयोगी पडतो. हिवाळ्यात सूर्य कललेला असल्याने ऊन छज्जाखालून खोलवर आत येते. पश्चिमेच्या उतरत्या उन्हापुढे तर छज्जाचे फारसे चालत नाही.

म्हणून ऊन येण्याच्या वेळी पडदे ओढावेत, काचेवर अतिनीलरोधक पारदर्शक फिल्म लावावी, गालिचे व सामान अधूनमधून सरकवावे. अस्सल लाकूड घासून पुन्हा पॉलिश करता येते. लॅमिनेटचा छापील थर तसा घासता येत नाही. नवे घर बांधणाऱ्यांनी उन्हाच्या खोलीत कोटा किंवा शहाबादी फरशीचा विचार करावा.

गालिचा मी पुन्हा अंथरलेला नाही. पाहुण्यांनी त्या चौकोनाविषयी विचारले, की त्यांच्या हाती हमीपत्र देतो.