मोटार कोणाकडून घ्यावी?

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै 2025 मध्ये टेस्ला या अमेरिकन कंपनीने आपली पहिली शोरूम उघडली, तेव्हा बहुतेकांची नजर साठ लाखांच्या घरातल्या किमतीवर खिळली. शोरूम कोणाची, इकडे फारसे कोणी पाहिले नाही. ती कंपनीची स्वतःची आहे. मध्ये डीलर नाही. आपल्याकडे हे विनासायास झाले. पण कंपनीच्या मायदेशी याच गोष्टीवरून दहा-बारा वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत.

टेक्ससचे उदाहरण घ्या. ऑस्टिन येथे टेस्लाचा अजस्र कारखाना 2022 मध्ये रीतसर सुरू झाला; पण त्या कारखान्यातली मोटार कंपनीला त्याच गावात दुकान मांडून विकता येत नाही. दालनात जाऊन गाडी पाहावी, हात लावावा. किंमत मात्र तेथल्या माणसाने सांगायची नाही. गिऱ्हाइकाने घरी जाऊन संगणकावर मागणी नोंदवायची. न्यू मेक्सिकोत तर 2021 मध्ये कंपनीने नांबे प्वेब्लो या आदिवासींच्या स्वायत्त भूमीवर, एका जुन्या जुगारघराच्या इमारतीत बस्तान मांडले. कारण राज्याचा तो कायदा तेथे चालत नाही. मिशिगनमध्ये 2016 साली कंपनी कोर्टात गेली आणि 2020 मध्ये तडजोड झाली, की विक्री होऊ द्यावी, पण मालकीचे कागद परराज्यात करावेत. सोवळे-ओवळे काय ते आपल्याच आजीच्या स्वयंपाकघरात होते, असे समजण्याचे कारण नाही!

हे हास्यास्पद खरे. पण त्या कायद्यांचा उगम हास्यास्पद नव्हता. 1920-21 च्या मंदीत फोर्ड कंपनीने न मागितलेल्या मोटारी आपल्या विक्रेत्यांकडे रवाना केल्या आणि रोख पैसे मागितले. नाही म्हणावे तर एजन्सी जाण्याची धास्ती. तेव्हा बिचाऱ्यांनी गावच्या बँकांतून कर्जे काढली. कंपनीची तंगी अशी विक्रेत्यांच्या गळ्यात पडली. या दांडगाईविरुद्ध पुढे राज्याराज्यांतून कायदे झाले, आणि विक्रेत्याला कंपनीवर फिर्याद करता यावी म्हणून 1956 मध्ये मध्यवर्ती सरकारनेही एक कायदा केला. दुबळ्याला दिलेली ती ढाल होती. आज तिच्याआड शेकडो शोरूमांचे मालकही उभे आहेत, आणि जिने कधी कोणाला एजन्सी दिलीच नाही अशा कंपनीवरही ती उगारली जाते. एवढ्यापुरते आम्हाला टेस्लाचे म्हणणे पटते.

मात्र मधला माणूस गेला की गिऱ्हाइकाचे भले झालेच, असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. बडोदेकरांना त्यासाठी टेक्ससला जावयास नको. हालोलपर्यंत गेले तरी पुरे. जनरल मोटर्सचा तेथला, सुमारे वीस वर्षे चाललेला कारखाना एप्रिल 2017 मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षअखेर शेव्हरोलेची देशातली विक्री थांबली. कारखान्याला दुसरा धनी मिळाला. तेथे आता एमजीच्या मोटारी होतात. काचेची दालने बांधून बसलेल्या शेव्हरोलेच्या विक्रेत्यांना असा आयता धनी कोण देणार? 2021 मध्ये फोर्डने येथले उत्पादन आवरते घेतले, तेव्हा डीलर संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे 170 विक्रेत्यांचे सुमारे दोन हजार कोटी रुपये गुंतलेले होते. अमेरिकेसारखा कायदा आपल्याकडे नाही. संघटना तो मागत आली आहे, आणि तिची मागणी गैर नाही.

मर्सिडीजने 2021 पासून आपल्याकडे मधली वाट धरली आहे. गाड्यांचा साठा कंपनीचा, पावती कंपनीची, किंमत देशभर एक. विक्रेता शोरूम चालवतो आणि गाडीमागे मोबदला घेतो. मंडईच्या भाषेत सांगायचे तर व्यापारी होता, तो अडत्या झाला. हा फरक नुसता नावाचा नव्हे. न खपलेल्या गाड्यांवर बँकेचे व्याज चढू लागले, म्हणजे व्यापारी मार्चअखेर नरमतो, विम्यात सूट देतो, सीटकव्हरे फुकट घालतो. अडत्याला व्याजाची टोचणी नाही, म्हणून घासाघीसही नाही. सौद्यात तरबेज असणाऱ्यांचे यात नुकसान आहे. प्रस्तुत लेखकासारख्या भिडस्ताला मात्र शेजाऱ्याने तीच गाडी कितीला घेतली हे विचारण्याचे धैर्य प्रथमच येईल.

राहिला प्रश्न गाडी बिघडल्यानंतरचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या गावी तक्रार गुदरता येते, ही मोठी सोय झाली. परमुलखातल्या कंपनीशी भांडायला आता परमुलखात जावे लागत नाही. परंतु आयोगाचा निकाल गाडीत बसवता येत नाही, तेथे गिअरबॉक्सच लागतो. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनीही जाताना सुटे भाग पुरवत राहण्याचे आश्वासन दिले होते. ते आश्वासन जाताना नव्हे, विकताना, किती वर्षांचे आणि कोणत्या गावात मिळणार ते लिहून, पावतीबरोबर हाती पडले पाहिजे. मग पावतीवर सही अडत्याची असो, व्यापाऱ्याची असो की खुद्द कंपनीची.