चारही बांध सारखे, मग जमीन सारखी का?



मागच्या अंकात तुम्हाला एक कोडे घातले होते. दोघा भावांची दोन शेते. दोन्ही चौकोनी, आणि एकूण एक बांध मोजून बरोबर दहा साखळ्यांचा. साखळी आपली जुनीच, ३३ फुटांची. मग दोघांच्या वाट्याला जमीन सारखीच आली का?

पुष्कळांनी लिहिले, ‘यात कोडे ते काय? साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. दहा गुणिले दहा, शंभर गुंठे. अडीच एकर याला, अडीच एकर त्याला.’ हे उत्तर बरोबर नाही. पण ज्यांनी ते पाठवले त्यांनी खट्टू होऊ नये, कारण नुसते ‘शंभर’ न लिहिता ते कसे काढले हेही त्यांनी लिहिले. म्हणून तर चूक कुठे शिरली ते बोट ठेवून दाखवता येते. ‘शेत काटकोनी आहे’ असे कोड्यात कुठेच म्हटलेले नव्हते. ते तुम्ही मनाने धरलेत.

एका भगिनीचे पत्र मात्र सगळ्यांना सांगण्यासारखे आहे. त्यांच्या घरी जेवणानंतर हे कोडे वाचले गेले. सासऱ्यांनी ताबडतोब ‘शंभर’ म्हणून टाकले. नववीतली नात म्हणाली, ‘आबा, कोपरे सरळ आहेत असं कुठं लिहिलंय?’ आबा म्हणाले, ‘कोपरा तिरका असला म्हणून काय जमीन पळून जाते?’ वाद वाढला. तेव्हा या भगिनीने चार तुराट्या सारख्या लांबीच्या तोडल्या, टोके सुतळीने बांधली आणि ती चौकट ओसरीवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे हळूहळू आत दाबले. चौकट चपटी होत गेली. शेवटी काड्या एकमेकींना चिकटल्या. चारही बाजूंची लांबी होती तेवढीच, पण आत ज्वारीचा दाणा ठेवायलाही जागा नाही.

आबा काही वेळ गप्प बसले, आणि मग त्यांनी विचारले, ‘आपण ओढ्याकडचा तुकडा घेतला, तो कसा मोजला होता?’

हा प्रश्न खरा. कारण तो तुकडा तिरका आहे, आणि घेताना चार बांध मोजून, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार केला होता. गावोगाव असेच करतात. आता आपल्या कोड्यातले शेत घ्या. कोपरे काटकोनात असले तर १०० गुंठे. थोडे दाबले, समजा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर १६ साखळ्या आणि दुसरे १२ साखळ्या झाले, तर ९६ गुंठे. आणखी दाबले, समोरासमोरच्या बांधांमधले सरळ अंतर ५ साखळ्याच उरले, तर अवघे ५० गुंठे. सरासरीची रीत मात्र तिन्ही वेळा शंभरच सांगणार, कारण बांधांची लांबी काही बदललेली नाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही रीत कधी जास्त, कधी कमी असे दाखवत नाही. शेत काटकोनी असेल तर ती बरोबर, आणि बाकी कुठल्याही चौकोनात जमीन आहे त्याहून जास्तच दाखवते. एकरावर पैसे घेणाऱ्याला ती गोड लागते. देणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. भावांच्या वाटणीत तर ज्याच्याकडे तिरका तुकडा जातो तो बिचारा कागदावर बरोबरीचा राहतो आणि पेरायला कमी मिळवतो.

ही गोष्ट आजची नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये सरासरीची हीच रीत दिली, पण तिला ‘स्थूल’ म्हणजे ढोबळ म्हटले. पुढे भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख तिथे सापडला आहे. लीलावतीत आचार्य चांगलेच चिडलेले दिसतात. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा पिशाच! म्हणजे आमच्या मागच्या अंकातल्या कोड्याची काय वाट लागली असती ते सांगायला नको.

मोजायचे कसे? चार बांधांखेरीज एक पाचवे माप घ्या. शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आतून दोरी ताणा. हा कर्ण. आता उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून या दोरीपर्यंतचे अंतर काटकोनात मोजा, गवंड्याचा गुण्या लावलात तरी चालेल. ती दोन अंतरे एकमेकांत मिळवा, कर्णाने गुणा आणि निम्मे करा. वरच्या शेतात कर्ण १६, दोन्ही अंतरे ६ आणि ६. मिळून १२. बारा सोळे १९२, निम्मे ९६. हे आपल्या समजुतीपुरते. हद्दीचा किंवा वाटणीचा तंटा असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणीच करून घ्यावी.

ओढ्याकडच्या तुकड्याचे उत्तर त्या घरून अजून यायचे आहे. आले की कळवू.

आता नवे कोडे. दोन वाटसरू झाडाखाली जेवायला बसले. एकाकडे पाच भाकरी, दुसऱ्याकडे तीन. तेवढ्यात तिसरा आला, त्याच्याकडे काहीच नव्हते. तिघांनी आठही भाकरी सारख्या वाटून खाल्ल्या. जाताना तिसऱ्याने आठ रुपये ठेवले. पहिला म्हणाला, ‘मला पाच, तुला तीन.’ दुसरा म्हणाला, ‘खाल्लं सगळ्यांनी सारखं, चार-चार घेऊ.’ दोघांचेही बरोबर नाही. मग कोणाला किती? एकट्याने सोडवू नका, घरात चार जणांना विचारा. उत्तर लिहाल तेव्हा कोण काय म्हणाले आणि कशावर अडले, तेही लिहा.